आगट्यांची अकरा पाकिटं

मनोहर आगटे माझ्या ऑफिसात पहिल्यांदा आले ते गाडी शिकायला, आणि आल्या आल्या त्यांनी माझ्या कॉम्प्युटरची वायर उपटली.

शब्दशः उपटली. मी त्यांचा अर्ज भरत होतो, "आगटे, मनो..." इथपर्यंत आलो होतो, तेवढ्यात समोर बसलेला हा सडपातळ, कडक इस्त्रीचा शर्ट घातलेला गृहस्थ उठला, टेबलाखाली वाकला आणि भिंतीतला प्लग काढून हातात धरून उभा राहिला. पडदा काळा. मी आ वासून बघतोय. आणि हे महाशय, डॉक्टर जीभ दाखवायला सांगतात त्या सुरात म्हणाले, "वीज गेली. आता काय करणार?"

"तुम्हाला बाहेर काढणार," मी म्हणालो.

"ते नंतर. आज तुमचे विद्यार्थी किती?"

"पाच."

"कोण, किती वाजता, कुठे उभे राहणार आहेत?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. पाचांतल्या दोघांची नावं आठवत होती. त्यातली एक मुलगी स्टेशनाबाहेर उभी राहणार की युनिव्हर्सिटीच्या बसथांब्यावर, हे आठवत नव्हतं. बाकी सगळं त्या काळ्या पडद्याच्या पोटात होतं. सुमेधा, म्हणजे माझी बायको आणि माझ्या ड्रायव्हिंग स्कूलचा निम्मा स्टाफ (उरलेला निम्मा मी), आतून चहा घेऊन आली आणि म्हणाली, "अहो, काय झालं?"

"तुमचं दुकान बंद पडलंय, वहिनी," आगटे म्हणाले. "दोन मिनिटं झाली. चहा मात्र चालू आहे. ही जमेची बाजू."

मग त्यांनी प्लग लावला, खुर्चीत बसले, चहा घेतला आणि अर्ज पुन्हा पहिल्यापासून भरायला सांगितला. अर्धा भरलेला अर्थातच गेला होता.

आता हा माणूस कोण, ते सांगतो. जर्मनीत, रेगेन्सबर्गच्या गाड्यांच्या कारखान्यात मराठी इंजिनियर पुष्कळ येतात. आगटेही मिरजेहून पुण्याला आणि पुण्याहून इथे असेच आले होते. बरीच वर्षं नोकरी केली, आणि एक दिवस सोडून दिली. का सोडली विचारलं की म्हणायचे, "कारखान्यात काही चुकलं की मीटिंग भरते. बेकरीत काही चुकलं की सकाळी गावाला पाव मिळत नाही. मला पाववाल्यांची काळजी जास्त वाटली." तेव्हापासून ते छोट्या धंदेवाल्यांना कॉम्प्युटरविषयी सल्ला द्यायचे. बेकरी, सुतारकाम, चष्म्याचं दुकान, फुलांचं दुकान, दोन खोल्यांचा दवाखाना. अशी अकरा गिऱ्हाइकं त्यांनी जमवली होती. अकरावा मी.

सल्लागार म्हटला की तो काहीतरी विकत घ्यायला लावतो. आगट्यांचा पहिला सल्ला नेहमी एकच असे, "काही घेऊ नका." नदीपलीकडे हेर त्साख (इथे हेर म्हणजे श्रीयुत, गुप्तहेर नव्हे) नावाचा सुतार आहे. तिसरी पिढी, सहा माणसं कामाला, लाकूड कापायचं एक भलं मोठं यंत्र आणि ते चालवणारा एक पुराणपुरुष कॉम्प्युटर. मेळ्यात कुठेतरी भाषण ऐकून त्साखने विचारलं, "हेर आगटे, मला ती कृत्रिम बुद्धिमत्ता बसवून द्याल का?" आगट्यांनी पडद्याच्या कोपऱ्याला चिकटवलेली पिवळी चिठ्ठी काढून त्याच्यासमोर धरली. तिच्यावर पासवर्ड लिहिला होता. पासवर्ड म्हणजे त्साखच्या कुत्र्याचं नाव. कुत्रा जाऊन चार वर्षं झाली होती, पासवर्ड हयात होता.

"दाराला कडी नाही तुमच्या," आगटे म्हणाले, "आणि झुंबर कुठलं घेऊ म्हणून विचारताय."

उलट फ्राऊ एडरर या बेकरीवाल्या बाई शरमेने म्हणाल्या की आमच्याकडे अजून फॅक्स आहे, हॉटेलं रात्रीच्या ऑर्डरी त्यावरच पाठवतात, तर आगटे म्हणाले, "चालतोय ना? मग त्याला हात लावू नका. कागदावर आलेली ऑर्डर वीज गेली तरी वाचता येते." बाईंनी त्या दिवशी त्यांना पाच पाव बांधून दिले. त्यांच्या आयुष्यात फॅक्सची बाजू घेणारा पहिला भारतीय भेटला होता.

त्यांचे नियम चार-पाचच होते आणि ते सगळे कंटाळवाणे होते. महत्त्वाच्या गोष्टीच्या दोन प्रती ठेवा. त्यातली एक दुकानाच्या बाहेर ठेवा, कारण आग लागली तर ती दोन्ही कॉम्प्युटरांना सारखीच लागते. प्रत घेतली की डिस्क कॉम्प्युटरपासून सोडवा, जोडलेली ठेवली तर चोराला दोन्ही एकदम सापडतात. "तुमचं खातं बंद होतंय, लगेच इथे दाबा" अशी मेल आली की काही दाबू नका, उठा, चहा करा. आणि शेवटचा, ज्याच्यापायी ते लोकांच्या वायरी उपटत फिरायचे, तो म्हणजे: "साठवलं म्हणजे वाचलं नव्हे. परत काढून दाखवा. मी मेलोय असं समजा, आणि माझ्याशिवाय दुकान उघडून दाखवा."

हे "मी मेलोय असं समजा" ते इतक्या उत्साहाने म्हणायचे की समोरचा माणूस दचकायचा. फ्राऊ एडरर तर छातीवर क्रूसाची खूण करायच्या. आणि मग प्रत्येक जण, अकराच्या अकरा जण, एकच उत्तर द्यायचा, "पण हेर आगटे, तुम्ही आहात ना!"

गाडी त्यांना कधीच आली नाही. तीनदा परीक्षेला बसवलं. आमच्या इथे परीक्षक मागच्या सीटवर बसतो आणि गुपचूप वहीत लिहितो. आगटे प्रत्येक चौकात थांबून विचार करायचे की आत्ता ब्रेक निकामी झाला तर काय. मागे हॉर्न वाजताहेत, परीक्षक घड्याळ बघतोय, आणि हे मला मराठीत समजावताहेत, "मास्तर, समजा डावीकडून ट्रक आला." तिसऱ्यांदा नापास झाल्यावर त्यांनी चावी माझ्या हातात दिली. पण माझ्या गाडीवर त्यांचं मनापासून प्रेम. शिकवायच्या गाडीत माझ्याही पायाशी ब्रेक असतो. त्याच्याकडे बोट दाखवून ते म्हणायचे, "एक ब्रेक चुकला तर दुसरा. जगात विचार करून बनवलेली ही एवढी एकच गाडी आहे."

दोन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात मी त्यांना बसथांब्यावर उभं असलेलं पाहिलं आणि गाडीत घेतलं. ते त्यांच्या आवडत्या जागी, मागच्या सीटवर, परीक्षकासारखे बसले. नदीवरचा पूल ओलांडल्यावर म्हणाले, "मास्तर, ते 'मी मेलोय असं समजा' आहे ना, त्यातलं 'समजा' आता काढायला हरकत नाही."

मी आरशात पाहिलं.

"स्वादुपिंड," ते म्हणाले. "डॉक्टर महिन्यांत बोलतात. पुढे बघा, सिग्नल लाल आहे."

मी त्यांच्या पायाशी नसलेल्या ब्रेकची आठवण काढत गाडी थांबवली. आणि मूर्खासारखं विचारलं, "रेवाला सांगितलंत?" रेवा त्यांची मुलगी. गार्चिंगला संशोधन करते, बायको गेल्यापासून त्यांचं जवळचं असं तेवढंच माणूस.

"सांगितलं. ती रडली जर्मनमध्ये, मी समजूत घातली मराठीत. आता प्रश्न तो नाही. प्रश्न हा की त्या अकरा दुकानांचं सगळं, कुठली डिस्क कशी उघडायची, कुठलं कुलूप कुठल्या शब्दाने उघडतं, हे कुठे आहे?"

"कुठे आहे?"

त्यांनी बोटाने आपल्या कपाळावर टकटक केलं. "आयुष्यभर लोकांना ओरडून सांगितलं की एका माणसाच्या डोक्यावर दुकान चालवू नका. आणि अकरा दुकानं एका माणसाच्या डोक्यावर चालवली. हसा, मास्तर. हसण्यासारखंच आहे."

दोन आठवड्यांत त्यांनी अकरा पाकिटं तयार केली. प्रत्येकात त्या त्या दुकानाची पूर्ण पाककृती. सगळं बंद पडलं तर आधी काय करायचं, मग काय, शून्यापासून दुकान पुन्हा कसं उघडायचं, अगदी चित्रांसकट. जाड पिवळी पाकिटं, चिकटवलेली, वर त्यांची सही. आणि मग आमची वरात निघाली. डोक्यावर 'फारशूल', म्हणजे ड्रायव्हिंग स्कूल, अशी पाटी मिरवणारी माझी गाडी, पुढे मी एकटा, मागे आगटे मांडीवर पाकिटांचा गठ्ठा घेऊन. रस्त्यावरच्या लोकांना वाटायचं, या टकल्या माणसाची वयाच्या पन्नाशीत गाडीची परीक्षा चालली आहे आणि परीक्षक भलताच कडक आहे.

प्रत्येक दुकानात आगटे तेच सांगायचे. "हे पाकीट कपाटात ठेवण्यासाठी नाही. याच आठवड्यात उघडा. एक दिवस ठरवा, कॉम्प्युटर बंद करा, आणि यात लिहिलंय तसं एकेक पाऊल टाकत माझ्याशिवाय सगळं परत सुरू करा. कुठे अडलं तर मला फोन करा. फोन करायचा, बोलवायचं नाही."

त्यांना एवढंच हवं होतं. मी दहा दुकानांत दारापाशी उभा राहून ते ऐकलं आहे. मरायच्या आत एका तरी दुकानाने आपल्याशिवाय स्वतःला उघडून दाखवावं. अकरापैकी एकाने.

डिसेंबरात पुन्हा फेरी मारली. त्साखच्या वर्कशॉपमध्ये पाकीट तिजोरीत होतं, जमिनीच्या कागदांशेजारी.

"उघडलं नाहीत?" आगट्यांनी विचारलं.

त्साखने टोपी काढली. हा माणूस टोपी चर्चमध्येसुद्धा नाइलाजाने काढतो. "हेर आगटे," तो म्हणाला, "माणूस माझ्यासमोर उभा आहे आणि मी त्याचं पाकीट उघडू? आमच्यात असं करत नाहीत."

"ते मृत्युपत्र नाहीये, त्साख! त्यात तुमच्या यंत्राचा पासवर्ड आहे!"

"आल्झो, ते असेल. पण आधी तुमची तब्येत. मग कॉम्प्युटर." आणि त्याने त्यांच्यासाठी स्वतः बनवलेली काठी आणून दिली. इतकी सुंदर काठी, चेरीच्या लाकडाची, मूठ अगदी त्यांच्या तळव्याच्या मापाची. आगट्यांना रागावताच येईना. गाडीत बसल्यावर ती काठी उलटसुलट करत म्हणाले, "बघा, पाकीट उघडायला जेवढा वेळ लागला असता त्याच्या शंभरपट वेळ याने यात घालवलाय."

फ्राऊ एडरर यांनी तर कहर केला. त्यांनी पाकीट फाइलला लावलं होतं. नवी फाइल आणली, तिच्या पाठीवर सुवाच्य अक्षरात 'आगटे' लिहिलं, आणि चिकटवलेल्या बंद पाकिटाला पंचने दोन भोकं पाडून ते तिच्यात नीट अडकवलं. फाइल काउंटरमागे, परवान्यांच्या आणि साफसफाईच्या तक्त्यांच्या रांगेत. बाईंना केवढा अभिमान! "बघा, हरवणार नाही."

आगट्यांनी ती दोन भोकं पाहिली. बोट लावून पाहिली. ती आतल्या सगळ्या कागदांच्या आरपार गेली होती. ते खुर्चीवर बसले आणि बाईंनी दिलेला कोंबडीचा रस्सा मुकाट्याने प्यायले. जन्मात कधी कोंबडी न खाल्लेला माणूस.

"फ्राऊ एडरर, उघडा ना ते," वाटी ठेवून ते हळूच म्हणाले. विनवणीच होती ती.

"उघडेन हो. तुम्ही बरे झालात की आपण दोघं मिळून उघडू."

आता तुम्ही म्हणाल, हा मास्तर दुसऱ्यांच्या गमती सांगतोय, स्वतःच्या पाकिटाचं काय झालं? सांगतो. ते मी घरी नेलं तेव्हा सुमेधा म्हणाली, "अहो, जिवंत माणसाने आपल्या माघारी म्हणून लिहिलेलं असं काही उघडू नये. अभद्र असतं." मी म्हणालो, "अगं, त्यात फक्त कॉम्प्युटरचं आहे." ती म्हणाली, "मग तर घाई काय? ते आहेत ना." आणि देवघराखालच्या खणात, पंचांगाच्या आणि उदबत्तीच्या पुड्यांच्या सोबतीला ते गेलं. मी काढलं नाही. मला ते काढायचंच नव्हतं, हे खरं. उघडलं की आगटे जाणार हे कबूल केल्यासारखं होईल, असं काहीतरी माझ्याही मनात होतं. वर मी त्साखला हसत होतो.

फेब्रुवारीत ते हॉस्पिटलात गेले. दुपारी दोन शिकवण्यांच्या मधे मी जायचो. खिडकीशी खाट, उशाशी फोन, फोन सतत चार्जरला. गेलो की पहिला प्रश्न, "काय मास्तर, कोणी काही विचारलं का?"

"काय विचारायचंय?"

"काहीही. कोणीही." मग फोन उचलून बघायचे, आवाज चालू आहे ना याची खात्री करायचे आणि परत ठेवायचे. "एकाचा तरी यायला हवा होता."

मला वाटलं, माणूस एकटा पडलाय. गिऱ्हाइकं चौकशी करत नाहीत म्हणून झुरतोय. मी मुळात नाटकी माणूस, मला कुणी असं उदास बसलेलं बघवत नाही. मी काय केलं, घरी येऊन दहाही दुकानांना फोन लावले आणि झाडलं. लाज वाटत नाही का, त्या माणसाने तुमच्यासाठी एवढं केलं, उद्या दुपारी प्रत्येकाने त्यांना फोन करायचा म्हणजे करायचा. आणि दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी त्यांच्या खाटेशेजारी जाऊन बसलो. आपल्या हाताने लावलेल्या फटाक्याची वात बघत बसावं, तसा.

फोन वाजला. आगट्यांनी तो असा उचलला, जणू महिनाभर त्यांच्या अंगात ताकद साठवून ठेवली होती. पडद्यावर त्साखचं नाव. कोपरावर उठून बसले, चष्मा लावला, आवाज एकदम पूर्वीचा, "बोला त्साख! कुठे अडलं?"

पलीकडून काहीतरी ऐकू आलं. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. "हो. बरा आहे. हो, काठी आहे इथेच. डांके. तुमच्या बायकोलाही नमस्कार."

ठेवला. मी खूश. लगेच दुसरा. "बोला, कुठे अडलं?" फुलवाली होती. तब्येत कशी आहे विचारत होती. मग दवाखाना. मग चष्मेवाला. नऊ फोन आले त्या दुपारी. आठ वेळा ते उठून बसले, नऊ वेळा "कुठे अडलं?" म्हणाले, आणि नऊ वेळा त्यांनी सांगितलं की मी बरा आहे. शेवटच्या वेळी उठायला जमलं नाही, मी फोन कानाला धरला.

"किती लोक प्रेम करतात तुमच्यावर, बघा!" मी म्हणालो.

त्यांना कळलं होतं हा माझा उद्योग आहे. डोळे मिटून म्हणाले, "हो. प्रेम करतात. तीच तर पंचाईत आहे."

मार्चमध्ये ते गेले.

इथल्या स्मशानभूमीच्या हॉलमध्ये लोक वेळेच्या आधी येऊन गप्प बसतात. रेवाने वडिलांचा फोटो ठेवला होता, त्यात ते कुणाच्यातरी टेबलाखालून बाहेर येताना हसत होते. दहापैकी आठ गिऱ्हाइकं आली होती, काळ्या कपड्यांत. आणि सगळं आटोपल्यावर बाहेर, झाडाखाली, एकेक जण माझ्यापाशी येऊ लागला. त्साखने कोटाच्या आतून पाकीट काढलं. फुलवालीने पर्समधून. फ्राऊ एडरर यांनी अख्खी फाइल आणली होती. चिकटवलेलं, सहीचं, तसंच्या तसं.

"हे आता तुमच्याकडे," त्साख म्हणाला.

"माझ्याकडे का?"

तो गोंधळला. "म्हणजे, पुढे तुम्हीच बघणार ना?"

"मी गाडी चालवायला शिकवतो, त्साख!"

"याऽ, पण तुम्हीही भारतीयच आहात," फ्राऊ एडरर फार मायेने म्हणाल्या. "आणि तुम्ही नेहमी त्यांच्याबरोबर असायचात."

मी तिथे, त्या झाडाखाली, भाषण केलं. चांगलं केलं. सांगितलं की उघडा, आत्ता इथे उघडा, आता तर ते गेले, आता कसली अडचण? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी शवपेटी उघडायला सांगत होतो. बाई रडायला लागल्या. शेवटी सात पाकिटं आणि एक फाइल माझ्या गाडीत मागच्या सीटवर, आगटे बसायचे त्या जागी ठेवून सगळे निघून गेले.

रेवा सगळ्यात शेवटी आली. तिने माझ्या हातात वडिलांचा फोन आणि चार्जर दिला. ती जर्मनमध्येच बोलते, मराठी सगळं समजतं. म्हणाली, पापाने सांगितलंय, हा तुमच्याकडे राहू दे, बंद करू नका, अजून कुणाचा तरी येईल.

त्या दिवशी घरी येऊन मी देवघराखालचा खण उघडला. सुमेधाने पंचांग बाजूला उचलून धरलं. पाकीट फाडलं. पाच पानं, त्यांचं बारीक सरळ अक्षर, माझ्या टेबलाचं चित्र, त्यात टेबलाखालच्या प्लगवर बाण. एक, दोन, तीन, चार पायऱ्या. मी ऑफिसात जाऊन एकेक करत गेलो. पाचव्या पायरीला निळी डिस्क जोडायची होती. ती शोधायला वेळ लागला, कारण तिच्यावर ऑफिसातल्या डुगडुगणाऱ्या टेबलाचा एक पाय टेकवलेला होता. ती दर शुक्रवारी जोडून, प्रत घेऊन घरी न्यायची, असं ठरलं होतं. सहावी पायरी झाली. सातवीत लिहिलं होतं:

"डिस्कच्या कुलपाचा नंबर आठ आकडी आहे. खाली सातच लिहिलेत. विसरलो नाही, मुद्दाम सोडलाय. मास्तर, इथे मला फोन करा आणि आठवा आकडा विचारा. दुसरं काही बोलू नका. म्हणजे मला कळेल की तुम्ही इथपर्यंत आलात. सगळ्यांच्या पाकिटात असाच एक सोडलाय. बघू या पहिला फोन कोणाचा येतो. माझी पैज तुमच्यावर आहे. आणि मी नसलो तर शून्यापासून नऊपर्यंत करून बघा. दहा वेळा दाबून बोट झिजत नाही."

मी रोज दुपारी त्या खाटेपासून हातभर अंतरावर बसत होतो. मला तर फोनही करावा लागला नसता. नुसतं वाकून विचारलं असतं, "अहो आगटे, आठवा कोणता?"

मी शून्यापासून सुरुवात केली. सहाला उघडलं. आत माझ्या ड्रायव्हिंग स्कूलची प्रत होती. विद्यार्थी, तारखा, परीक्षा, सगळं व्यवस्थित. ऑक्टोबरातल्या त्या एका दिवसाची, ज्या दिवशी आगट्यांनी स्वतः माझ्या टेबलाशी बसून ती घेतली होती. त्यानंतरच्या एकाही शुक्रवारची नव्हती.

फोन मी चार्जरला लावून ठेवतो. बाकीची पाकिटं पोस्टाने ज्याची त्याला परत पाठवली, प्रत्येकावर मोठ्या अक्षरात 'आजच उघडा' लिहून. दोन महिने फोन वाजला नाही. मग मे महिन्यात एका सकाळी वाजला. पडद्यावर नाव: एडरर. सुमेधाने कणकेचा हात तसाच वर धरला. मी आगट्यांसारखाच बसल्या जागी ताठ झालो, आणि आवाजसुद्धा त्यांच्यासारखा काढून म्हणालो, "बोला, कुठे अडलं?"

"ग्रुस गॉट," बाई म्हणाल्या. "प्रिंटर छापत नाहीये."

मी गेलो. न जाऊन काय करतो? कागद अडकला होता, काढला. पाव भाजल्याचा वास, काउंटरवर गर्दी, आणि मागच्या फळीवर तीच फाइल, पाठीवर 'आगटे', जागच्या जागी परत. पाकिटाला पोस्टाचं माझं वेष्टन अजून तसंच होतं. बाईंनी त्या वेष्टनालाही दोन भोकं पाडली होती.

मग मला काय झालं कुणास ठाऊक. मी वाकलो, हात घातला, आणि त्यांच्या कॉम्प्युटरचा प्लग उपटून हातात धरून उभा राहिलो. पडदा काळा. गिऱ्हाइकं माना वळवून बघताहेत.

"वीज गेली, फ्राऊ एडरर," मी म्हणालो. "आता काय करणार?"

त्यांनी हातावरचं पीठ झटकलं. माझ्याकडे पाहिलं, आणि इतक्या महिन्यांनी त्यांचा चेहरा पहिल्यांदा निश्चिंत झाला.

"आता तुम्ही आहात ना," त्या म्हणाल्या.

मी वाकून प्लग परत लावला.